कॅमेरा का थांबत नाही? फाउंड फुटेज भयपट करू पाहणाऱ्यांसाठी

फाउंड फुटेज पद्धतीचे, म्हणजे पात्रांनीच केलेले चित्रण नंतर कुणाला तरी सापडले असे भासवणारे, भयपट जगभर एवढ्या संख्येने निघतात, त्याचे पहिले कारण खर्च हे आहे. 1999 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चे चित्रण अत्यंत तुटपुंज्या पैशांत झाले आणि त्याने जगभरात सुमारे 25 कोटी डॉलर मिळवले, ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ स्वतःच्याच घरात सुमारे 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केला. हे आकडे पाहून ज्यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी हलणारी चौकट, अंधार आणि किंकाळी एवढेच उचलले, त्यामागची शिस्त उचलली नाही, आणि त्यातूनच हा प्रकार बदनाम झाला. बीड, परभणी किंवा लातूरमधल्या ज्या मुलामुलींना मोबाइलवर असा लघुपट करायचा आहे, त्यांनी ती शिस्त आधी आत्मसात करावी. तिला पैसे लागत नाहीत.

पटकथा लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरवावे: जिवावर बेतले असतानाही हा माणूस चित्रण का थांबवत नाही? ‘रेक’ या 2007 च्या स्पॅनिश चित्रपटात दूरचित्रवाणीची वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन इमारतीत अडकतात, तेव्हा चित्रण हेच त्यांचे काम असल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो. ‘मित्रांनी सहज व्हिडिओ काढला’ हे उत्तर दोन मिनिटांपलीकडे टिकत नाही.

आपल्या भागात याची सकस उत्तरे आहेत. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे व लेकरेच उरतात. कारखान्यावर गेलेला मुलगा रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करतो, एवढ्यावर संपूर्ण लघुपट उभा राहू शकतो. म्हातारे माणूस मोबाइल कसा धरते ते नीट पाहावे: पडद्यावर अर्धे कपाळ, एक डोळा आणि बाकी सगळे मागचे घर, म्हणजे पत्रे, आढे, भिंतीतला कोनाडा आणि अर्धवट लोटलेले दार. तिच्या पाठीमागे काय चालले आहे ते मुलाला दिसते, तिला दिसत नाही, आणि तो तीनशे किलोमीटरवर आहे. ‘मागं बघ’ म्हणावे तर ती मोबाइलसकट वळते आणि चौकटीतून ते दारच निघून जाते. हे भय कोणत्याही रंगभूषेने येणार नाही. 2020 च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेज यांनी ‘होस्ट’ हा सुमारे तासाभराचा भयपट झूम कॉलच्या रूपात केला, त्यामुळे ही वाट चालून पाहिलेली आहे.

चित्रणाचे दुसरे कारण ई-पीक पाहणीचे, म्हणजे आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करण्याचे, घेता येईल. शेतकऱ्याला पिकाचा फोटो काढायला रानात उभे राहावेच लागते. तिन्हीसांजेला स्वतःच्या तुरीत उभ्या असलेल्या माणसाला मोबाइल तो आपल्या जमिनीच्या गटाबाहेर असल्याचे सांगू लागला, तर पुढची कथा सुचायला वेळ लागणार नाही.

चित्रणात हात मुद्दाम हलवू नये. स्थिर कॅमेरा प्रेक्षकाला चौकटीचा कोपरान् कोपरा शोधायला लावतो, म्हणून निदान एक प्रसंग मोबाइल उतरंडीला टेकवून न कापता घ्यावा. उजेड त्या घरात असेल तेवढाच वापरावा. पार्श्वसंगीत अजिबात नको, कारण सापडलेल्या चित्रणाला संगीत कोण लावणार? त्याऐवजी रिकाम्या घराचा, उभ्या ज्वारीतल्या वाऱ्याचा आणि रात्रीच्या टिटवीचा आवाज वेगळा मुद्रित करून ठेवावा. चित्र अंधुक असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद कळला नाही तर उठून जातो, त्यामुळे माइकसाठी थोडा खर्च जरूर करावा. संवाद पाठ करवून घेऊ नयेत. प्रसंग सांगावा आणि कलाकारांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलू द्यावे. माझ्या मते मराठीतले असे प्रयत्न इथेच सर्वाधिक फसतात, कारण भ्यालेला माणूस पुस्तकी वाक्ये बोलत नाही.

दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तिथला काळोखा भुयारी मार्ग, अनेकांना खुणावेल, पण तो किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि परवानगी काढण्यात महिने घालवण्यापेक्षा गावातली पडकी गढी, मालकाला विचारून, पुष्कळ उपयोगी पडते.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र ‘ब्लेअर विच’चे अनुकरण करू नये. त्या चित्रपटाचे कलाकार खरोखरच बेपत्ता असल्याचा आभास निर्माण केला गेला होता. आपल्याकडे 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. म्हणून लघुपटाचा कोणताही तुकडा सुटा फिरवायचा असेल, तर ‘हे चित्रण काल्पनिक आहे’ ही ओळ त्या तुकड्यावर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत दिसेल अशी ठेवावी, आणि खऱ्या गावाचे, घराचे वा कुटुंबाचे नाव कुठेही येऊ देऊ नये.