वाकड्या चौकटीत डबल डोअर बसवताय? या चुका टाळा

आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात हॉल आणि आतल्या खोलीच्या मध्ये नुसतीच चौकट होती, वर्षानुवर्षं पडद्यावर भागत होतं. तिथे दोन झडपांचं दार लावायचं ठरलं आणि मी मोठ्या शहाणपणाने टेप घेऊन मधोमध माप घेतलं, 50 इंच, आणि तेच टिंबर मार्केटला जाऊन सांगून आलो. दारं आली, खाली मस्त बसली आणि वर एकमेकांवर चढली. कारण चौकट वर साडेएकोणपन्नास आणि खाली सव्वापन्नास. सुतारकाका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडे.

तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या, उंची दोन्ही बाजूंना घ्या आणि हिशोब कायम सगळ्यात लहान मापावर करा. सुतार सुतात बोलतात, 1 इंच म्हणजे 8 सूत, म्हणजे एक सूत साधारण 3 एमएम. दोन्ही कडांना एकेक सूत आणि मध्ये एक सूत अशा तीन फटी सोडायच्या. साडेएकोणपन्नासातून 3 सूत गेले, उरलं 49 इंच 1 सूत, त्याचं निम्मं 24 इंच साडेचार सूत ही एक झडप. पण मध्ये एक झडप दुसरीवर बसणारी खाच हवी असेल (घ्याच, नाहीतर फटीतून अख्खा हॉल दिसतो) तर अर्ध्या इंचाच्या खाचेसाठी दोन्ही झडपा 2-2 सूत जास्त रुंद लागतात. हे विसरलं की पैसे पाण्यात.

आता लहान मापाची दारं लावली की खाली बोट जाईल एवढी फट राहणार ना? राहणार. म्हणून आधी ओळंबा धरून कुठली बाजू कलली आहे ते बघायचं आणि तिथे निमुळती पट्टी ठोकून ती सरळ करायची. दार तासून वाकडं करण्यापेक्षा हे बरं, आणि रेडीमेड फ्लश डोअर (दोन्हीकडून प्लाय चिकटवलेलं सपाट दार) असेल तर फार तासताच येत नाही, कडेची लाकडी पट्टी संपली की आतलं सगळं उघडं पडतं.

सगळ्यात छळणारी भानगड वेगळीच आहे, ती टेपला कळतच नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी सरळ दिसतात पण एक पुढे कललेली असते, एक मागे. मग झडपा बंद केल्या की वर तोंडं जुळतात आणि खाली एक अर्धा इंच बाहेर. तपासायला चारही कोपऱ्यांत खिळे मारून दोन दोऱ्या तिरप्या ताणायच्या, मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत, अंतर पडलं किंवा एकीने दुसरीला दाबलं तर चौकटीला पीळ आहे समजा. एक-दोन सूत पीळ असेल तर बिजागऱ्या थोड्या पुढेमागे सरकवून निभतं, जास्त असेल तर चौकटच हलवावी लागते, बाकीचे उपाय मलमपट्टी.

फरशी बदलायची असेल तर ती आधी. जुन्यावर नवीन टाइल टाकली की खालची फट गेलीच.

लाकडी दार मे महिन्यात घट्ट बसवू नका, जुलैत फुगून अडकणार. आणि फुगलं म्हणून लगेच रंधा मारू नका, डिसेंबरात तीच फट डोळ्यात खुपते. वरच्या-खालच्या कडांना पॉलिश किंवा प्रायमर लावून घ्या, तिथूनच लाकूड पाणी ओढतं आणि कारागीर नेमकं तेच टाळतात, कोणाला दिसत नाही ना.

बसवल्यावर मध्ये वरचे कोपरे घासत असतील तर झडप लोंबली आहे, वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा, नाही जमलं तर खालच्या बिजागरीमागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, झडप उचलली जाते. दार बंद करताना स्प्रिंगसारखं परत येत असेल तर बिजागरी जास्त खोल बसली आहे, तिथेही पुठ्ठाच. आमच्याकडे लग्नपत्रिका कापून घातली आहे, अजून टिकून आहे.