थेरपी सुरू करताय? आधी एक वही घ्या

थेरपी म्हणजे समोरचा चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार आणि आपण हलके होऊन घरी येणार, असंच मला वाटायचं. पण आठवड्यातून एकदा ४५-५० मिनिटं सेशन, बाकी अख्खा आठवडा आपणच, आणि खरं काम त्या आठवड्यातच होतं.

जायच्या आधी त्रास लिहून काढा. नुसतं "डिप्रेशन आलंय" नको. झोप किती वाजता मोडते, काय काय टाळायला लागलात, कधीपासून, कुठली गोळी चालू आहे का, कारण पहिल्या सेशनला माणूस हमखास ब्लँक होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध देणारा, आणि सायकॉलॉजिस्ट थेरपी घेतो, बहुतेक ठिकाणी असंच असतं. पुष्कळांना दोन्ही लागतं, त्यामुळे बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका प्लीज. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियात तर औषध हाच पाया, थेरपी आणि घरच्यांना आजार समजावून सांगणं हे त्याच्या जोडीला.

कुठल्या पद्धतीने काम करणार हे थेरपिस्टला बिनधास्त विचारा. डिप्रेशन, अँग्झायटीसाठी बऱ्याचदा सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, एरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली. ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी सारखे हात धुण्यासारखं काहीतरी करत राहणं) असेल तर ईआरपी करतात का ते विचारा, त्यात भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि हात धुवावेसे वाटले तरी न धुता थांबायचं असतं, सोप्या पायरीपासून सुरुवात करून. स्वतःला इजा करायची ओढ असेल, भावना एकदम उसळत असतील तर मार्शा लिनेहन यांची डीबीटी, म्हणजे भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी.

आता वही, म्हणजे सीबीटीतला घरचा अभ्यास. समजा मित्राला मेसेज टाकला, ब्लू टिक आली, रिप्लाय नाही. लिहायचं: प्रसंग काय, मनात काय आलं ("त्याला माझा कंटाळा आलाय"), वाईट किती वाटलं, १०० पैकी ८०. मग त्या विचाराच्या बाजूचा पुरावा: रिप्लाय नाही. विरुद्ध बाजूचा: परवा त्यानेच फोन केला होता, आणि मी पण लोकांचे मेसेज बघून विसरतोच की. दुसरा विचार: कामात असेल. परत आकडा: ५५. शून्य होत नाही, व्हायची गरजही नाही, आणि सुरुवातीला हे सगळं बालिश वाटतं, मला तर दोन आठवडे लाज वाटत होती.

अंथरुणातून उठवतच नसेल तर वही राहू द्या. मूड आला की करू म्हणून थांबलात तर तो येतच नाही, आधी करायचं, मूड मागून येतो. दहा मिनिटं चालणं, एक बादली कपडे, बस.

जुन्या गोष्टी उकरल्यावर मधेच जास्त वाईट वाटू शकतं, तसं झालं तर गुपचूप सेशन बुडवण्यापेक्षा तिथेच बोला. तीन-चार सेशननंतरही मोकळं बोलता येत नसेल तर थेरपिस्ट बदला, त्यात कोणाचा अपमान नाही. मात्र जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि इमर्जन्सीत जा.

थेरपी संपत आली की थेरपिस्टसोबत बसून, त्रास परत सुरू होतोय हे कशावरून ओळखायचं ते लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे: फोन सायलेंट करून पालथा ठेवायला लागलो की अपॉइंटमेंट घ्यायची.