वाचनालयात प्रौढांना अक्षरओळख करून देताना
ज्या सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्राम शिक्षण मोहीम ही प्रौढ साक्षरतेची चळवळ सुरू झाली, तेथील वाचनालयात प्रौढांना शिकवायचे असल्यास ग्रंथपालांकडे शेतातली कामे आटोपल्यानंतरची, सायंकाळची वेळ मागावी. मुळाक्षरांच्या क्रमाने आरंभ करू नये. शिकणाऱ्याचे स्वतःचे नाव आणि एसटीच्या पाट्यांवरील ‘कराड’, ‘वाई’ अशी ओळखीची नावे घेऊन त्यांतूनच अक्षरे सुटी करून दाखवावीत, कारण ‘क’ आणि ‘र’ ओळखता आले की ‘कर’ हा शब्द बहुधा तो स्वतःच जुळवतो. जोडाक्षरांची घाई नको. पहिलीची पुस्तके शक्यतो टाळावीत. मोठ्या माणसाला ती हातात धरायलाही संकोच वाटतो. पंधरा वर्षे व त्यावरील निरक्षर व्यक्तीची नोंद केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात करता येते. त्यातील चाचणी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० याप्रमाणे १५० गुणांची असते.