घरच्या कॉम्प्युटरवर खासगी फोल्डर कसा सांभाळाल?

विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘हिडन’वर टिक केली की तो दिसेनासा होतो. पण ‘व्ह्यू’ मेनूतून लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगितलं की लगेच हजर! शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं.

खरं कुलूप हवं तर सेव्हन-झिप वापरा. फाइल्स पासवर्ड लावून एकाच फाइलमध्ये (म्हणजे ‘आर्काइव्ह’मध्ये) बांधणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ॲड टू आर्काइव्ह’ घ्या, फॉरमॅट ‘७झेड’ ठेवा, पासवर्ड द्या आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक कराच. ती टिक राहिली तरी पासवर्डशिवाय फाइल उघडणार नाही, पण ‘पगार स्लिप’, ‘मेडिकल रिपोर्ट’ ही नावं कुणीही वाचू शकतं. आर्काइव्ह नीट उघडतंय हे पाहूनच मूळ फोल्डर काढा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवायची सोय नाही, तेव्हा डायरीत कुठेतरी लिहून ठेवा.

रोज लागणाऱ्या फाइल्ससाठी मात्र हा उपद्व्याप नको. प्रत्येकाचं पासवर्डसकट वेगळं युजर अकाउंट काढा, बाकीच्यांना ॲडमिनचे अधिकार देऊ नका आणि खुर्चीवरून उठताना विंडोज की आणि एल एकत्र दाबून स्क्रीन लॉक करा.