मुलांना स्केल मॉडेलची गोडी लावताय? मग या चुका टाळा

स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती, आणि किट म्हणजे ती जोडायच्या तुकड्यांचा संच. बहुतेक वेळा किट घेतलं जातं ते खोक्यावरचं चित्र बघून. चित्रात ढगांतून झेपावणारं विमान असतं. खोकं उघडलं की समोर येतात राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शे-दीडशे तुकडे, सूचनांची जाडजूड पत्रिका आणि डझनभर रंगांची यादी. आठ-नऊ वर्षांचं मूल पहिल्या दिवशी हुरळून जातं, दुसऱ्या दिवशी कंटाळतं आणि आठवड्याच्या आत खोकं कपाटावर जातं. वर मुलाला शेरा मिळतो, ‘याला चिकाटीच नाही.’ मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. पहिलं मॉडेल अर्धवट राहण्याची कारणं बहुधा किटच्या निवडीत, हत्यारांत आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या हातांत सापडतात. त्यातली जवळपास सगळी टाळता येतात.

वयापेक्षा मोठं किट

पहिल्या किटला गोंद आणि रंग दोन्ही लागू नयेत, असं माझं ठाम मत आहे. खटकन एकमेकांत बसणारी ‘स्नॅप-फिट’ किट त्यासाठीच असतात. एअरफिक्स कंपनीच्या ‘क्विक बिल्ड’ मालिकेतले भाग नुसते दाबून बसवायचे असतात. बांदाई कंपनीच्या ‘एंट्री ग्रेड’ गुंडम रोबोंचे भाग हातानेच चौकटीतून सुटतात आणि मुळात रंगीत प्लास्टिकचे असतात. रेव्हेल कंपनीच्या खोक्यांवर अवघडपणाची पातळी आकड्यात छापलेली असते. चित्राआधी तो आकडा आणि तुकड्यांची संख्या वाचा. पहिल्या वेळेला वीस ते चाळीस तुकडे पुष्कळ झाले.

दुसरी गफलत होते ती स्केलच्या आकड्यात. मूल लहान, म्हणून मॉडेलही लहान घ्यावं, असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा पसारा खऱ्यात सुमारे ११.२ मीटर. १/७२ मध्ये तो साडेपंधरा सेंटीमीटर होतो, १/४८ मध्ये तेवीस. जितकं मॉडेल लहान, तितके त्याचे भाग बारीक. २६९ मीटरची टायटॅनिक १/७०० मध्ये अडतीस सेंटीमीटरवर येते. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण तिची जीवरक्षक होडी नखाएवढी होते आणि डेकवरच्या कित्येक वस्तू त्याहून लहान. लहान बोटांना मोठे आणि मोजके भाग लागतात. १/२४ मधली साधी गाडी हा बरा पर्याय.

हा भागाकार मात्र मुलाकडूनच करून घ्या. सव्वा मीटर उंचीचं मूल १/७२ मध्ये किती उरेल? जेमतेम साडेसतरा मिलिमीटर. पट्टीवर ते अंतर दाखवलं की ‘स्केल’ म्हणजे काय हे पुन्हा समजवावं लागत नाही.

आणि विषय मुलाचा असू द्या. तुम्हाला रणगाडे आवडतात म्हणून जहाजवेड्या मुलीच्या हातात रणगाडा देऊ नका.

तुकडे पिळून काढणं

स्नॅप-फिटनंतर येणाऱ्या, गोंद लावायच्या किटमध्ये पहिलं संकट इथे येतं. मूल तुकडा धरतं, पिळतं आणि कट्‌कन ओढतं. चौकटीला जोडणारा दांडा तुटतो, पण सोबत तुकड्याचाही लचका जातो. त्या खड्ड्यामुळे पुढे जोड नीट बसत नाही आणि दोष किटच्या माथी मारला जातो. मॉडेलसाठीचा एक बरा निपर, म्हणजे तुकडे कापायची छोटी पक्कड, घ्या. सगळ्या हत्यारांत पैसे घालायचेच असतील तर ते इथे घाला.

निपरने दोनदा कापायला शिकवा. पहिला काप तुकड्यापासून लांब, दांड्याच्या मध्यावर. तुकडा मोकळा झाला की दुसरा काप जवळ, निपरची सपाट बाजू तुकड्याकडे ठेवून. तरी इवलासा कोंब राहतोच. तो आधी ४००, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने घासायचा. पाण्यामुळे भुकटी उडत नाही. एकाच कापात तुकड्यालगत कापलं तर रंगीत प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. नखाने दाबून चोळला तर तो बराच फिका होतो.

सगळे तुकडे एकदम कापून ठेवायचा मोह मुलांना फार. नंबर तुकड्यांवर नसतात, चौकटीवर असतात. त्यामुळे ढीग झाला की चाळीस सारखे दिसणारे तुकडे आणि रडारड. त्या पायरीला लागतील तेवढेच कापायचे. बारीक तुकडा कापताना हात एखाद्या मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून कापला तर तो उडाला तरी पिशवीतच राहतो.

गोंद: जास्त म्हणजे घट्ट नव्हे

मॉडेलचा खास गोंद, ज्याला ‘सिमेंट’ म्हणतात, तो खरं तर चिकटवत नाही, विरघळवतो. पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटच्या प्लास्टिकचे, दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की एकच प्लास्टिक उरतं. एवढं कळलं की निम्म्या अडचणी सुटतात. जोडावर रंग असेल तर सिमेंट धरत नाही, कारण त्याला प्लास्टिक सापडतच नाही. तेवढा रंग खरवडून काढा. आणि थेंब सांडला तर पुसू नका. पुसलं की मऊ झालेलं प्लास्टिक फरफटतं आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. रात्रभर तसंच राहू द्या, मग घासा.

पातळ सिमेंटची पद्धत वेगळी. आधी दोन्ही अर्धे भाग कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीतून धावत जातो. मुलं हे डोळे विस्फारून बघतात. पण फटीवर बोट असेल तर तो बोटाखालीही शिरतो, म्हणून फट सोडून धरायला शिकवा. बाटली टेबलाला टेपने चिकटवून ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि दहा वर्षांखालच्या मुलांना हे काम मोठ्यांनी शेजारी बसूनच करू द्यावं.

सुपरग्लू मुलांच्या टेबलावर नको. तो कातडी क्षणात चिकटवतो, शिवाय त्याच्या वाफेने काचेसारखे पारदर्शक भाग पांढरट होतात. कॉकपिटची काच बसवायला साधा पांढरा पीव्हीए गोंद वापरा. तो वाळला की पारदर्शक होतो आणि जास्त झाला तर ओल्या बोळ्याने निघतो. सुपरग्लूने बोटं चिकटलीच तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर थेट डॉक्टर.

भाग उलटा चिकटला? लगेच लक्षात आलं तर जोडावर थोडं पातळ सिमेंट पुन्हा सोडा आणि सावकाश उकला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर तसाच राहू द्या. ओढाताणीत चांगला भागही मोडतो.

रंग आणि डिकल

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्या. ब्रश पाण्याने धुता येतात आणि वासही सौम्य. रंग प्लास्टिकवर थेंबाथेंबाने फाटत असेल तर साच्याला लावलेलं तेल आणि बोटांचा तेलकटपणा आड येतोय. कापण्याआधीच चौकटी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा. ब्रशचे ओरखडे दिसतात ते बहुधा अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा हात फिरवल्याने. पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा. ही वाट बघणं मुलांना जड जातं, म्हणून त्या वेळात करायला दुसरा भाग तयार ठेवा.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं पातळ छापील चित्र, मात्र त्यांना जादूच वाटते. तो कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, मग बाहेर काढून मिनिटभर थांबा. कागदावरून तो आपण होऊन सरकला पाहिजे; ओढला की फाटतो. दुमडला तर पाण्याचा थेंब टाकून ब्रशने उलगडा. खडबडीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते, म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा.

नाक वर करून बसलेलं विमान

पुढे एक चाक आणि मागे दोन, अशा विमानांच्या सूचनापत्रिकेत नाकात वजन घालायची सूचना असते आणि ती हमखास नजरेतून सुटते. मॉडेल पूर्ण होतं, टेबलावर ठेवलं की शेपटीवर बसतं. आता उघडायचं नाही. चाकं मिटलेल्या अवस्थेत बसवून स्टँडवर उडतं ठेवा, किंवा शेपटीखाली पारदर्शक प्लास्टिकची काडी लावा.

मोठ्यांचे हात

मला सर्वात जास्त खटकते ती ही चूक. मूल झोपल्यावर बाबा हळूच फट बुजवतात, आई वाकडा डिकल सरळ करते. सकाळी मूल मॉडेल हातात घेतं, फिरवून बघतं आणि त्याला कळतं. आपण केलेलं चालत नाही, हेच त्यातून पोचतं. त्यानंतर ते विचारायला लागतं, ‘हे तुम्हीच करून द्या ना.’

कटर मोठ्यांच्याच हातात राहावा, रेझिनची (साच्यात ओतून केलेल्या कडक राळेची) किट घरातल्या मुलांपासून दूर असावीत, स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मोठ्यांनी उघड्यावर मारावा. एवढं सोडलं तर हात आवरा. गुलाबी रणगाडा असू द्या. खऱ्या रंगसंगतीची ओढ प्रश्नांतून येते. ‘पंखांवर हे काळे-पांढरे पट्टे का?’ असं विचारलं की सांगा: ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीतल्या स्वारीआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर ते घाईघाईत रंगवले गेले, आपल्याच तोफांनी आपल्यालाच पाडू नये म्हणून. पुढच्या वेळी ते मूल पट्टे सरळ यावेत म्हणून स्वतःच मास्किंग टेप मागेल.

एका बैठकीला अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. पायरी संपली की थांबा, कंटाळा येईपर्यंत ताणू नका.

तयार मॉडेलशी मूल खेळणार, हेही धरून चाला. अँटेना, प्रोपेलर आणि चाकांचे दांडे आधी तुटतात. अँटेना पहिल्या मॉडेलला लावूच नका. तुटलेले आणि उरलेले तुकडे, रिकाम्या चौकटींचे दांडेसुद्धा एका डब्यात जमवा. हरवलेल्या चाकाच्या दांड्याऐवजी चौकटीचाच दांडा मापाने कापून बसवता येतो, आणि प्लास्टिक तेच असल्याने सिमेंटही चांगला धरतो.