भरतीच्या पेपरात गाडीचे प्रश्न कसे सोडवाचे

भाऊ, पुस्तक घेऊन रट्टा मारत बसू नको, गाडीच्या मेकॅनिककडं दोन रविवार जाऊन बस, इंजिन खोललेलं डोळ्यानं पाह्यलं की अर्धं काम तिथंच होते.

पहिले फोर स्ट्रोक इंजिन पक्कं कर, म्हणजे पिस्टनच्या चार चाली. सक्शन (आत ओढणं), कॉम्प्रेशन (दाबणं), पॉवर (पेटून पिस्टन ढकलणं), एक्झॉस्ट (धूर बाहेर), याच क्रमानं. पिस्टन खाली, वर, खाली, वर, म्हणजे चार स्ट्रोकमदी क्रँकशाफ्ट (पिस्टननं फिरणारा दांडा) दोन चकरा मारते अन् कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच, इथंच पोट्टे गडबडतात. डिझेलमदी स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) नसते, हवा इतकी दाबली जाते की गरम होऊन फवारलेलं डिझेल आपोआप पेटते.

धुराचा रंग बी पाहून ठेव, निळा म्हणजे ऑइल जळून राह्यलं, काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त जाऊन राह्यलं, अन् दाट पांढरा निघतच राह्यला तर बहुतेक कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरलं.

कूलंटवरून आठवलं, मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी तापली म्हणून मी लगेच रेडिएटरचं झाकण फिरवलं, हात भाजला ना बे! आत प्रेशर असते, त्यानं पाण्याचा उकळबिंदू 100 डिग्रीच्या वर जाते, झाकण उघडलं की सगळं उसळून अंगावर.

बॅटरीचं सोपं आहे, 6 सेल, 12 व्होल्ट, चार्ज करते अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा). हायड्रॉलिक ब्रेक (तेलाच्या दाबावर चालणारा) म्हटलं की पास्कलचा नियम, म्हणजे बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचते.