पोटातले जिवाणू आणि मेंदू : या चुका टाळा

आतड्यातील जिवाणूंचा चयापचयाशी आणि मेंदूशी संबंध असतो, हे आता सांगलीच्या विश्रामबागेतल्या औषध दुकानात प्रोबायोटिक (उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची पावडर किंवा गोळी) मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. संबंध खराच आहे. मात्र जिथे तो पक्का सिद्ध झाला आहे, तिथले साधे, रोजचे औषध लोक सोडून देतात आणि जिथे बरेचसे काम अजून उंदरांवरच झाले आहे, तिथे पैसे घालवतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे यकृताच्या सिरोसिसमध्ये (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजारात) लॅक्ट्युलोज हे पातळ औषध बंद करणे. आतड्यातील जिवाणू प्रथिने आणि युरिया फोडून अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याची विल्हेवाट लावते, आजारी यकृताला ते झेपत नाही आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. लॅक्ट्युलोज लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात, त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होणे हा या औषधाचा दुष्परिणाम नव्हे, तेच त्याचे काम आहे.

जत तालुक्यातील सिरोसिस असलेल्या एका द्राक्ष बागायतदारांना घरच्यांनी माझ्याकडे आणले, तेव्हा ते दिवसा झोपत होते आणि रात्रभर घरात फिरत होते. हात पुढे ताणून धरायला सांगताच पंजे फडफडू लागले. सोसायटीच्या कागदांवर वर्षानुवर्षे सही करणाऱ्या या माणसाला स्वतःचे आडनाव पुरे लिहिता येईना. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, अण्णांना जुलाब होत होते म्हणून ते पातळ औषध बंद केलं, आणि पोट सुधारावं म्हणून प्रोबायोटिकची पावडर चालू केली.” परिणामी बद्धकोष्ठ झाला होता. एनिमा दिला, लॅक्ट्युलोज पुन्हा सुरू केले, कुठे जंतुसंसर्ग आहे का तेही तपासले. दोन-तीन दिवसांत अण्णा छाटणीला मजूर आले का, म्हणून विचारू लागले. मी अशा चिठ्ठीवर मात्रेखाली लाल शाईने ‘रोज दोन-तीनदा मऊ शौच’ असे लिहितो आणि घरात औषध देणाऱ्या व्यक्तीकडून, बहुधा सुनेकडून, ते मोठ्याने वाचून घेतो. पाण्यासारखे जुलाब झाले तर मात्रा कमी करून विचारायला यावे. परस्पर बंद करू नये.

दुसरी चूक मधुमेह्यांची: विष्ठेतील जिवाणूंचा महागडा अहवाल काढून त्यावर आहार ठरवणे. टाइप २ मधुमेहाचे म्हणून सांगितले जाणारे जिवाणूंमधील काही बदल प्रत्यक्षात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीमुळे होतात, हे २०१५ मध्येच दाखवले गेले आहे. पण अहवालाची फाइल घेऊन येणाऱ्याला गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे कुणी विचारलेले नसते. लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांना दिल्यावर त्यांची चरबी अधिक वाढली, हा अमेरिकेतील २००६ चा प्रयोग उत्तमच आहे. सडपातळ दात्यांचे जिवाणू माणसांना दिले तेव्हा मात्र इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद काही आठवडे सुधारला, वजन उतरले नाही.

मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन हे रसायन बहुतांश आतड्यात तयार होते, म्हणून नैराश्याची गोळी सोडून दह्यावर भिस्त ठेवू नये. आतड्यातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही.

अँटिबायोटिकनंतर सरसकट प्रोबायोटिक घेऊ नये; २०१८ च्या एका इस्रायली अभ्यासात त्यामुळे मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला.

पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) कित्येक रुग्णांना कंप सुरू होण्याआधी वर्षानुवर्षे बद्धकोष्ठ असतो, पण बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाने धास्ती घेण्याचे कारण नाही.

राहता राहिले उतावळे. तंतुमय पदार्थांपासून जिवाणू ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि तेच मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन असते, एवढे वाचून हे लोक पहिल्याच दिवशी वाडगाभर मोडाची मटकी आणि मूठभर इसबगोल खातात. पोट फुगते आणि चौथ्या दिवशी ‘मला सोसत नाही’ असा निकाल लागतो. मी पहिल्या आठवड्यात एका वेळची पोळी काढून शाळूची भाकरी सांगतो, पुढच्या आठवड्यात उसळ, तीही अर्धी वाटी, आणि पाणी वाढवायला लावतो. इसबगोलची गरज बहुतेकांना पडतच नाही.